मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं, ते मोजायचं कसं?

अबोली_प

नमस्कार मंडळी. मी पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. डेझर्टेशनला 'तरुण मुलींची शरीरप्रतिमा आणि भावनिक प्रतिसाद' असा विषय घेतलाय. बेत सोपा होता. १८ ते २३ वयाच्या साधारण साठ मुली घ्यायच्या, निम्म्यांना मासिकांतल्या बारीक मॉडेल्सचे फोटो दाखवायचे, निम्म्यांना निसर्गचित्रं, आणि मग 'तुम्हाला कसं वाटलं?' म्हणून १ ते ५ मध्ये खूण करायला लावायची.

सिनॉप्सिस घेऊन गेले तर गाईड मॅडमनी पहिल्याच पानावर लिहिलं, "कसं वाटलं म्हणजे काय? दुःख, लाज, राग, हेवा, की नुसतीच अस्वस्थता? आणि ते फोटोमुळेच वाटलं हे कशावरून?" पुढची पानं उलटलीच नाहीत.

त्यांचं म्हणणं पटतंय, पण करायचं काय ते सुचत नाहीये. इथे संख्याशास्त्र, वैद्यकीय, संशोधन असं करणारी बरीच मंडळी आहेत. आणि ज्यांचा या क्षेत्राशी काही संबंध नाही पण या वयातून गेल्या आहेत, त्यांनीही प्लीज लिहा.

विदा_विक्रेता

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका. मुलीचं स्वतःच्या शरीराबद्दलचं कायमचं मत मोजायचंय, की फोटो बघितल्यावर पाच मिनिटांत झालेला बदल? दोन्हीची साधनं वेगळी आहेत.

'बॉडी शेप क्वेश्चनेअर' नावाची ३४ प्रश्नांची प्रश्नावली आहे, १९८७ ची. चांगली आहे, भरपूर वापरली जाते, पण ती गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारते. फोटो दाखवून झाल्यावर ती भरून घेतलीत तर मुलगी तुम्हाला तिच्या गेल्या महिन्याबद्दल सांगणार. त्या क्षणाचं हवं असेल तर थॉमस कॅश आणि सहकाऱ्यांची २००२ ची 'बॉडी इमेज स्टेट्स स्केल' बघा. सहाच प्रश्न, प्रत्येकाला नऊ पर्याय, आणि सगळे प्रश्न 'आत्ता, या क्षणी' असेच.

शिवाय ते १ ते ५ सोडा. फोटोंच्या आधी '३' ला खूण केलेली मुलगी नंतरही '३' लाच करते, कारण मघाचं उत्तर तिच्या लक्षात असतं. त्याऐवजी १०० मिलिमीटरची कोरी रेष द्या. एका टोकाला 'अजिबात नाही', दुसऱ्या टोकाला 'प्रचंड'. मघाशी रेषेवर नेमकी कुठे फुली मारली हे कुणाला सांगता येत नाही. नंतर पट्टी लावून मोजायचं. लाज, चिंता, राग, उदासी, आत्मविश्वास, प्रत्येकाला स्वतंत्र रेष. मॅडमच्या पहिल्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर त्यातच येईल.

जुना_खोंड

हे सगळं मोजून मिळणार काय? आमच्या वेळी आरशात बघायला फुरसत नसायची. मोबाईल काढून घ्या, प्रतिमा आपोआप सुधारेल.

त्रिज्या

खोंडकाका, तुमच्या वेळी 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' असं पेपरात छापून यायचं. तेव्हा कुठे होते मोबाईल? असो, अवांतर नको.

अबोली, शब्दच नको असतील तर चित्रांची पट्टी आहे. अतिशय बारीक ते अतिशय लठ्ठ अशा नऊ बायकांच्या बाह्याकृती ओळीने काढलेल्या. स्टंकर्ड, सॉरेन्सन आणि शुल्सिंगर यांनी १९८३ मध्ये आणलेली, डेन्मार्कच्या दत्तक नोंदींवरून लठ्ठपणाचा अभ्यास करण्यासाठी. तेव्हा भावनाबिवना मोजायचा कुणाचा विचार नव्हता. १९८५ मध्ये फॅलन आणि रोझिन यांनी अमेरिकेत हीच चित्रं कॉलेजच्या मुलामुलींपुढे ठेवली. तू आत्ता कशी आहेस, कशी असावीस असं वाटतं, आणि मुलांना कशी आवडेल असं तुला वाटतं? मुलांची स्वतःबद्दलची उत्तरं साधारण एकाच चित्राभोवती पडली. मुलींच्या तीन उत्तरांत 'मी आत्ता अशी आहे' हे सगळ्यात जाड, 'मुलांना आवडेल' ते त्याहून बारीक, आणि 'मला असावंसं वाटतं' ते आणखी बारीक. गंमत म्हणजे मुलांनी प्रत्यक्षात निवडलेलं चित्र मुलींच्या अंदाजाहून भरलेलं होतं.

'आत्ताची' वजा 'हवी तशी', आला नाराजीचा आकडा. पण इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नकोस. एका मुलीला दोन चित्रं बारीक व्हायचंय, तिचा आकडा +२. दुसरीला दोन चित्रं अंग भरायला हवंय, तिचा -२. सरासरी शून्य. दोघी नाराज, आणि तुझा तक्ता म्हणणार सगळं आलबेल आहे. अमेरिकेत बहुतेकींचं उत्तर एकाच दिशेला जात असल्यामुळे तिथे हे फारसं टोचत नाही. आपल्याकडे टोचेल. चिन्ह वेगळं लिही, अंतर वेगळं.

अबोली_प

त्रिज्याताई, हे वाचून काल रात्री होस्टेलवर चार-पाच जणींना ती चित्रं दाखवली. लगेच दोन तट पडले. एक म्हणाली, "मला तिसऱ्यावरून पाचव्यावर जायचंय, घरी गेले की आजी मनगट धरून बघते आणि मेसच्या नावाने बोटं मोडते." तिच्या शेजारची सातव्यावर बोट ठेवून बसली होती, ती म्हणाली, "मला तुझं तिसरं दे, मी तुला माझं सातवं देते." हसलो सगळ्या, पण सातवंवाली नंतर जेवायला आली नाही.

कोरी_पाटी

तुमच्या शेवटच्या ओळीवरून आठवलं. मी बी.ए.ला असताना अशाच एका अभ्यासात बसले होते. आधी व्हरांड्यात सगळ्यांच्या देखत वजनकाट्यावर उभं केलं. एक मुलगा आकडा मोठ्याने सांगत होता, दुसरी लिहून घेत होती. मग आत नेऊन फोटो दाखवले आणि विचारलं, 'आता तुम्हाला कसं वाटतंय?'

काय वाटणार? माझ्या फॉर्मवर जे उतरलं ते व्हरांड्यातलं होतं. फोटोंमध्ये कोण होतं ते आजही आठवत नाही, आकडा सांगणाऱ्या मुलाचा आवाज मात्र आठवतो. वजन घ्यायचंच असेल तर सगळ्यात शेवटी घ्या, बंद दाराआड घ्या आणि आकडा मुलीला दिसणार नाही अशी पाठ करून उभी करा.

विदा_विक्रेता

कोरी_पाटी, शंभर टक्के. आणि अबोली, वजनावरून बी.एम.आय. काढलात तर भारतीयांसाठीच्या मर्यादा वापरा. आपल्याकडे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. बाहेरच्या पेपरांत २५ आणि ३० असतं, ते जसंच्या तसं उचललं की सगळे गट चुकतात.

सुईदोरा

मी शिकलेली नाही यातलं काही, पण मुलींची मापं रोज घेते म्हणून लिहिते. इचलकरंजीत ब्लाऊज आणि ड्रेस शिवते.

आकडा मी तोंडाने बोलत नाही. माझ्याकडे हाताखाली एक पोरगी आहे, टेपवर अंगठा ठेवून तिला दाखवते, ती वहीत लिहिते. सासूबाई मापं घ्यायच्या तेव्हा मोठ्यानं सांगायच्या, "कंबर चौतीस," की बाकावर बसलेल्या बायका वर बघायच्या.

कमरेला टेप लावला की पोरी पोट आत ओढतात. "श्वास सोड गं" म्हटलं की हसतात आणि परत ओढतात. त्या मापानं शिवलं तर हूक लागणार नाही आणि शिव्या मला. म्हणून मी बाकीची मापं घेते, मुंढा, बाही, गळा, मध्ये कॉलेज कुठलं, बहिणीचं लग्न कधी असं बोलत राहते आणि तिचं लक्ष नसताना कंबर पुन्हा घेते. कधीकधी इंचभर फरक पडतो. तरीही शिलाईत माया जरा जास्तच ठेवते. दंडघेर घेताना तर काही जणी हात अंगाला असा चिकटवतात की टेप आत जात नाही. अशा मुली बाही कोपरापर्यंतच मागतात, मे महिना असला तरी.

तुमच्या फोटोंचं मला माहीत नाही. माझ्या दुकानात कुणाचा फोटो नाही, नुसता टेप आहे.

लॅबवाली_टोरोंटो

सुईदोरा ताई, तुम्ही सहज लिहून गेलात, पण तो इंचभर फरक म्हणजे फार भारी मापन आहे! बघितलं जातंय हे कळल्यावरचं शरीर आणि विसरल्यावरचं शरीर, यांतलं अंतर. प्रश्न न विचारता मिळालेलं.

मी इथे कॅनडात एका प्रयोगशाळेत काम करते, शरीरप्रतिमा हा माझा विषय नाही पण यंत्रं तीच आहेत. अबोली, मॅडमचा दुसरा प्रश्न ('फोटोमुळेच कशावरून?') ऐकला की लोकांना यंत्रं आठवतात. त्यांच्याकडून काय मिळतं ते सांगते.

तळहाताला दोन इलेक्ट्रोड लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजतात. चित्र दिसल्यावर साधारण एक ते तीन सेकंदांनी घामाच्या ग्रंथी जाग्या होतात आणि आलेख वर चढतो. पण तो फक्त 'किती' सांगतो. आवडीच्या माणसाचा फोटो दाखवा किंवा सापाचा, आलेख चढणारच. मुलीला हेवा वाटला की आनंद झाला, तळहाताला माहीत नसतं. खोलीचं तापमान बदललं तरी गडबड होते, पंख्याखालच्या वर्गात हे करायला जाऊ नकोस.

दिशा हवी तर चेहरा. भुवई आक्रसणारा स्नायू आणि गालाचा हसण्याचा स्नायू, यांच्यावर इलेक्ट्रोड लावतात. बाहेरून काहीच दिसत नाही, मुलगी ढिम्म बसलेली असते, तरी स्नायूची बारीक हालचाल पकडली जाते. पण मन लावून बघितलं तरी भुवई आक्रसते. तिसरा प्रकार दचकण्याचा. चित्र समोर असताना कानात क्षणभर मोठा खरखराट सोडतात आणि पापणी किती जोरात मिटली ते मोजतात. नकोसं चित्र समोर असेल तर माणूस जास्त दचकतो. फ्लोरिडात पीटर लँग यांच्या प्रयोगशाळेने यावर आयुष्यभराचं काम केलंय. आता स्वतःचाच फोटो समोर असताना एखादी मुलगी जास्त दचकली, तर ते प्रश्नावलीतल्या दहा वाक्यांपेक्षा बोलकं आहे.

नजरेचा माग ठेवणारी यंत्रंही आहेत. २००५ मध्ये नेदरलँड्समध्ये अनिता यान्सेन आणि सहकाऱ्यांनी मुलींना स्वतःचे आणि दुसऱ्यांचे फोटो दाखवले. खाण्याच्या तक्रारींची लक्षणं असलेल्या मुलींची नजर स्वतःच्या फोटोत स्वतःला कुरूप वाटणाऱ्या भागावर जास्त रेंगाळत होती आणि दुसरीच्या फोटोत तिच्या सुंदर भागावर. बाकीच्या मुलींचं बरोबर उलटं!

तुझ्या कॉलेजात यातलं काही नसेल, वाईट वाटून घेऊ नकोस. इथल्याच यॉर्क विद्यापीठात जेनिफर मिल्स यांनी ११० विद्यार्थिनींवर सेल्फीचा प्रयोग केला, २०१८ मध्ये छापून आला. एका गटाने सेल्फी काढून जसाच्या तसा सोशल मीडियावर टाकायचा, दुसऱ्याने हवा तितका सुधारून टाकायचा, तिसऱ्याने नुसतं वाचन. सेल्फी टाकणाऱ्या मुली आधीपेक्षा जास्त चिंताग्रस्त झाल्या, आत्मविश्वास घटला, आपण कमी आकर्षक आहोत असं वाटलं. फोटो सुधारायची मुभा असलेल्याही त्यातून सुटल्या नाहीत. सगळं मोजलं विदा_विक्रेता म्हणतात तसल्या रेषांनीच.

नाचणीची_भाकरी

वाचतेय. धागा वाचनखूण म्हणून साठवला.

घेवडा

खोंडकाकांना थोडं अनुमोदन देतो. फिजी बेटांवर टीव्ही आला आणि तीन वर्षांत तिथल्या मुली उलट्या काढायला लागल्या, असं वाचलंय. व्हॉट्सॲपवर फिरतंय ते.

त्रिज्या

फिरतंय ते अर्धं फिरतंय. मूळ काम अ‍ॅन बेकर यांचं. त्या हार्वर्डच्या, मनोविकारतज्ज्ञही आणि मानववंशशास्त्रज्ञही. नद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. त्यांनी तेव्हा लगेच शाळकरी मुलींकडून खाण्याच्या सवयी तपासणारी 'ईट-२६' ही प्रश्नावली भरून घेतली आणि १९९८ मध्ये पुन्हा. २० च्या वर गुण, म्हणजे काळजी करावी असा निकाल, आधी १२.७ टक्के मुलींचा होता, नंतर २९.२ टक्के. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणं आधी शून्य, नंतर ११.३ टक्के.

पण दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, ६३ आणि ६५. त्याच मुली मोठ्या होत बदलल्या असं नाही. शिवाय त्या तीन वर्षांत तिथे टीव्ही सोडून बाकी काहीच बदललं नाही असंही कुणी म्हणणार नाही. आणि माझ्या दृष्टीने खरं महत्त्वाचं पुढे आहे. बेकरबाई आकडे घेऊन थांबल्या नाहीत, मुलींशी बोलत बसल्या. फिजीत अंगाने भरलेली बाई चांगली मानायची पद्धत, तरी या मुलींना टीव्हीवरच्या बायकांसारखं बारीक का व्हायचं होतं? तर तसं दिसलं की नोकरी मिळेल, काही करून दाखवता येईल, असं त्या सांगत होत्या. नुसत्या प्रश्नावलीवर विसंबलं असतं तर पोटातली ही गोष्ट बाहेर आली नसती. २९.२ हा आकडा 'का' सांगत नाही.

म्हणून अबोली, रेषा जरूर दे, पण पाच-सहा मुलींशी तासभर बोलही. मॅडम नको म्हणाल्या तर भांड.

जुना_खोंड

म्हणजे टीव्हीचा दोष आहेच की नाही? मी तेच म्हणतोय.

त्रिज्या

काका, थोडा आहे. १० टक्के मार्क तुम्हाला. हलकेच घ्या.

खाज_खरूज_गजकर्ण

त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. (आयडी कॉलेजात असताना घेतला, आता बदलता येत नाही.)

अबोली, 'पास्टास' नावाची एक पट्टी तुला कुणीतरी सुचवेलच. १९९१ ची आहे, दिसण्याबद्दलची चिंता मोजते. शरीराच्या सोळा गोष्टींची यादी, प्रत्येकीबद्दल आत्ता किती चिंता वाटते ते सांगायचं. आठ वजनाशी संबंधित: मांड्या, नितंब, पोट, कंबर वगैरे. आठ वजनाशी संबंध नसलेल्या, तुलनेसाठी: कान, ओठ, मनगट, हाताचे पंजे, कपाळ, मान, हनुवटी, पावलं. कल्पना अशी की बारीक मॉडेल बघून पहिल्या आठांची चिंता वाढली आणि दुसऱ्या आठांची नाही, तर परिणाम वजनाच्या विचारामुळे झाला असं म्हणता येतं. हुशार रचना आहे.

आता माझ्या ओपीडीत ये. अठरा-वीस वर्षांची मुलगी, ओढणी गळ्याभोवती दोन वेढे घेऊन बसलेली. आई म्हणते, "मान स्वच्छ धूत नाही, घासून घासून सांगून दमले." ओढणी काढली की मानेच्या घडीत काळा, मखमलीसारखा जाड पट्टा. तो मळ नसतोच. इन्शुलिनला शरीर दाद देईनासं झालं की असं होतं, पीसीओडी असलेल्या मुलींत भरपूर दिसतं, आणि वजनाशी त्याचं जवळचं नातं आहे. कित्येक मुलींनी दगडाने, लिंबाने घासून मान सोलून घेतलेली असते.

या मुलीच्या बाबतीत मान ही 'तुलनेसाठीची बिनकामाची जागा' कशी होईल? हनुवटीचंही तेच. हनुवटीवर दर आठवड्याला दोरा फिरवणाऱ्या मुलीला विचार. आणि सोळांत रंग नाही. दंड नाहीत, ज्यांच्यासाठी सुईदोरा ताईंच्या गिऱ्हाइकांना मे महिन्यात लांब बाह्या लागतात. म्हणजे पट्टी वाईट नाही, ज्या मुलींसाठी केली त्यांच्या दुखऱ्या जागा तिने बरोबर पकडल्या. आपल्या मुलींच्या दुखऱ्या जागा आधी त्यांनाच विचारून घे, मग यादी कर.

कोरी_पाटी

डॉक्टर, 'मान स्वच्छ धूत नाही' हे वाक्य मी वयाच्या तेराव्या वर्षापासून ऐकलंय. वीसाव्या वर्षी कुणीतरी पहिल्यांदा रक्त तपासायला सांगितलं. फोटोतल्या मॉडेलने मला कधी काही केलं नाही हो. जे काही झालं ते हळदीकुंकवात आणि लग्नांत झालं, ओळखीच्या बायकांच्या तोंडून.

अबोली_प

तुम्ही सगळे इतकं लिहिताय, धन्स!

हे शेवटचं वाचून विचार करतेय की मॉडेल्सचे फोटो टाकूनच द्यावेत का. त्याऐवजी छोटे ऑडिओ प्रसंग? उदा. लग्नात जेवणाच्या रांगेत एक मावशी भेटते आणि म्हणते, "अगं किती सुटलीस!" किंवा "अगं खातेस की नाही काही?" किंवा रंगावरून. आणि तुलनेच्या गटाला तीच मावशी म्हणते, "कधी आलीस गं, परीक्षा झाली का?" ऐकून झाल्यावर रेषा.

शिवाय भावना मोजायला ती चित्रातल्या माणसाची पट्टी कशी आहे? सॅम म्हणतात ती. शब्द अगदी कमी लागतात म्हणून आवडली होती.

लॅबवाली_टोरोंटो

मावशीची कल्पना मस्त! फोटोंवर पन्नास जणांनी काम केलंय, मावशीवर कुणी केलं असेल तर मला दिसलं नाहीये.

सॅम ब्रॅडली आणि लँग यांची, १९९४ च्या पेपरमुळे सगळीकडे पोचली. तीन ओळी. पहिल्या ओळीत चेहरा हसऱ्यापासून पडलेल्यापर्यंत, म्हणजे छान वाटतंय की वाईट. दुसऱ्या ओळीत पोटात स्फोट झाल्यासारखं चित्र, म्हणजे किती खळबळ. तिसऱ्या ओळीत परिस्थिती आपल्या ताब्यात आहे की आपण तिच्या, आणि ते दाखवलंय आकृती लहानाची मोठी करून! इवलासा माणूस म्हणजे हतबल, चौकट भरून टाकणारा म्हणजे ताबा आहे.

आता कुणी नुकतंच 'किती सुटलीस' म्हटलेल्या मुलीपुढे ही तिसरी ओळ ठेव. ती मोठ्या आकृतीकडे बोट दाखवून काय सांगेल, 'माझा ताबा आहे' की 'मी जाड आहे'? तुला कधीच कळणार नाही. पहिल्या दोन ओळी घे, तिसरी टाक. ताब्याबद्दल विचारायचंच तर साध्या वाक्यात रेष दे: 'मला उलट बोलता आलं असतं असं वाटतंय'.

विदा_विक्रेता

दोन सूचना.

पहिली, मुलींना उद्देश कळता कामा नये. 'शरीरप्रतिमेचा अभ्यास' असं फॉर्मवर छापलंत आणि मावशी 'सुटलीस' म्हणाली, की समोरची मुलगी तुम्हाला हवं ते उत्तर देणार, बिचारी मदत करायची म्हणून. १९९८ मध्ये फ्रेडरिक्सन वगैरेंनी अमेरिकेत मुलींना एकटीला खोलीत पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालायला दिला, ग्राहकांच्या भावनांचा अभ्यास आहे असं सांगून, आणि तो अंगावर असताना गणितं सोडवायला लावली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं जास्त चुकली. 'लाज वाटते का' हा प्रश्न तर त्यांनी विचारलाच, पण भार ठेवला गणितांवर. तुमच्याकडे 'रोजच्या संवादांची स्मरणशक्ती' असं काहीतरी नाव द्या, मध्ये दोन-चार भरतीचे प्रसंग आणि प्रश्न घाला, आणि शेवटी खरं काय ते सांगा. समजावून सांगणं हा अभ्यासाचाच भाग आहे, उरकायचं नाही.

दुसरी, साठ मुली, तीन प्रकारच्या बोचऱ्या मावश्या आणि चौथा तुलनेचा गट असं केलंत तर प्रत्येक गटात पंधरा उरतील. नका करू. एकच बोचरा प्रकार घ्या.

अबोली_प

एकच घ्यायचा तर वजनाचा की रंगाचा?

खाज_खरूज_गजकर्ण

वजनाचा घेतलास तर बारीक मुलीला 'सुटलीस' म्हणणारी मावशी खोटी वाटेल. रंगाचाही तोच घोळ. मोघम ठेव. "अगं, काय अवतार करून घेतलायस!" यात वजन, रंग, केस, मान, पिंपल सगळं येतं आणि प्रत्येक मुलगी आपलं आपण भरून घेते. मग शेवटी विचार, 'ती कशाबद्दल बोलत होती असं तुला वाटलं?' ते एक मोकळं उत्तर तुझ्या सगळ्या रेषांना अर्थ देईल.

सुईदोरा

हे अगदी असंच बोलतात बायका. आणि मुलगी लगेच स्वतःच्या अंगाकडे बघते. कुठे बघते तेवढं लिहून घ्या.

त्रिज्या

सुईदोरा ताईंना सहगाईड करा कुणीतरी.

समुपदेशक_नगरची

एथिक्स कमिटीचं बघितलंस का? या धाग्यात तो विषय उशिरा येतोय म्हणून जरा रागाने लिहितेय. ज्या मुली सध्या खाण्याच्या आजारातून किंवा नैराश्यातून जात आहेत त्यांना हा प्रसंग ऐकवायचा नाही. ते आधी गाळून घ्यायला 'स्कॉफ' नावाचे पाचच प्रश्न आहेत, दोन 'हो' आले की थांबायचं आणि त्या मुलीशी वेगळं बोलायचं. आपल्याकडे एक अडचण लक्षात ठेव. काही मुली जेवण टाकतात पण 'मला जाड व्हायची भीती वाटते' असं म्हणत नाहीत, 'पोट फुगतं', 'भूकच नाही', 'उपास आहे' असं म्हणतात. भारतात आणि हाँगकाँगमध्ये डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद पूर्वीच करून ठेवलीय. त्यामुळे पाच प्रश्नांत 'नाही' आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस, समोर बसलेलीकडे बघ.

मुलगी खोलीतून जाताना तिच्या हातात कागद हवा. त्यावर कॉलेजच्या समुपदेशकाचं नाव आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. शेवटचा ऑडिओ चांगल्या मावशीचा ठेव, दोन्ही गटांना. आणि एकाच संध्याकाळी होस्टेलच्या दहा जणींना ओळीने बसवू नकोस, बाहेर येऊन एकमेकींना सांगतात. तुझी सातवंवाली जेवली का दुसऱ्या दिवशी?

अबोली_प

जेवली. मी तिच्याशी बोललेही, चित्रांबद्दल. म्हणाली सातव्याचं काही नाही, 'तुझं तिसरं दे' हे मी आधी म्हटलं नसतं तर दुसऱ्या कुणीतरी माझ्यावरून जोक केला असता, म्हणून मीच आधी केला.

आता सिनॉप्सिस नव्याने लिहितेय. आधी आठ-दहा मुलींशी गप्पा, त्यातून दुखऱ्या जागांची आपली यादी. मग दोन गट, मावशी एकच, वाक्यं दोन. आधी-नंतर पाच रेषा, सॅमच्या दोन ओळी, शेवटी 'ती कशाबद्दल बोलत होती?' वजन अजिबात घेत नाही. मॅडमना उद्या दाखवते.

त्रिज्या

आणि मावशीचा आवाज कोण देणार?

अबोली_प

माझी सख्खी मावशी. तिला वाक्य सांगितलं तर म्हणाली, "हे मी तुला कधी म्हटलं?" मी गप्प बसले.

विदा_विक्रेता

रेषा झेरॉक्सवाल्याकडे छापायला देताना 'फिट टू पेज' बंद करायला सांगा. नाहीतर १०० ची रेष कागदावर ९६-९७ भरते आणि दुसऱ्या गठ्ठ्याची आणखी वेगळी. पहिलं पान निघालं की तिथेच पट्टी लावून बघा, मगच पुढच्या प्रती काढायला सांगा.